तुम्ही हेडफोन आणलात तेव्हापासून

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला आत्ता तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा भांडले नाही, कारण तेव्हा वाटायचं, अण्णा म्हणतात म्हणजे तसंच असणार. आता कळलं तसं नव्हतं, तर ऐकून घ्यायला तुम्ही नाहीत. सोय बघा कशी तुमची. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, हे आधीच सांगते. सातवीतून दप्तर तुम्हीच खुंटीला लावलं माझं.

आईचा दमा वाढला, घरात कुणीतरी पाहिजे होतं आणि ते कुणीतरी मी होते. दादा थोरला, पण त्याला कोण सांगणार चुलीपुढं बस म्हणून. शाळा सुटल्याचं मला फार दुःख झालं असं नाही, गणिताच्या मास्तरांचा मार चुकला म्हणून दोन दिवस बरंच वाटलं. नंतर कळायला लागलं काय गेलं ते. पण तोवर तुमची खोली सापडली होती मला. स्वयंपाकघराला लागून धान्याची कोठी होती, तिच्यातली पोती हलवून तुम्ही तिथं टेबल टाकलं, आणि भिंतीतल्या लहान खिडकीतून मी तुम्हाला चहा द्यायची. माझी पुढची शाळा ती खिडकी. तुम्हाला सुरुवातीला त्याचा पत्ता नव्हता.

गारखेड्यात तेव्हा घरं कमी, मोकळी जागा जास्त. गच्चीवर दोन बांबू उभे करून मध्ये तांब्याची तार ताणली तेव्हा निम्मी वस्ती बघायला आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढा मोठा रेडिओ आन् गाणं एक लागंना व्हय?" तुम्ही म्हणालात, "हा ऐकायचा रेडिओ नाही वहिनी, बोलायचा आहे. सरकारचा परवाना आहे माझ्याकडं. इथून बोललो की कोलंबोचा माणूस उत्तर देतो." काकू म्हणाल्या, "मग त्या कोलंबोवाल्यालाच इचारा, नळाला पाणी कधी येणारे." सगळे हसले, तुम्ही सोडून. तुम्हाला त्या सेटवर कुणी हसलेलं चालायचं नाही. पाटबंधारे खात्यात दिवसभर दुसऱ्याच्या फायली उचलणारा माणूस, पण त्या टेबलाशी बसला की तुमचं बसणंच बदलायचं. ते मला आवडायचं, हेपण लिहून ठेवते. सगळं वाईटच लिहायला मी बसलेली नाही, पण जास्त वाईटच येणार आहे.

त्या तारेची गोष्ट आठवते? मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस फूट. पण तेवढी कापली म्हणजे झालं असं नसतं. जरा लांब ठेवायची, खाली सेट लावून सुई बघायची, मग वर जाऊन दोन्ही टोकांची चार बोटं कापायची, परत सुई बघायची. सुई जास्त राहिली तर बोललेलं हवेत जायच्या ऐवजी उलटं सेटमध्येच येतं आणि सेट तापतो. तुम्ही खाली खुर्चीत, दादा शेजारच्या खुर्चीत जांभया देत, आणि मी पक्कड घेऊन जिन्यावर. "काप!" "कापली!" "अजून काप!" अकरा वेळा वर गेले आणि अकरा वेळा खाली आले. शेवटी सुई बसली तेव्हा तुम्ही दादाला म्हणालात, "बघितलंस? असं ट्यून करतात." दादाला. मी दारात उभी, पक्कड हातात, हाताला फोड.

मला एवढ्याचा राग नाही. एवढ्याचा राग धरला असता तर या गावात एक बाई हसताना दिसली नसती.

उन्हाळ्यातल्या बिघाडाचा मात्र आहे. त्या वर्षी सिल्लोडच्या मावशीकडं लग्न होतं आणि मावशीनं मला पापड-कुरडयांसाठी महिनाभर ठेवून घेतलं. परत आले तर घरात सुतक असल्यासारखं. तुम्ही माइकवर बोलायला लागलात की ओठाला चटका बसायचा, आणि समोरच्याला तुमच्या आवाजाऐवजी नुसतं भुंग्यासारखं गुणगुणणं ऐकू जायचं. तुम्ही सेट तीन वेळा खोललात. कंडेन्सर बदलले, वाल्व्ह बदलला, माइकची वायर बदलली. ओठाला तूप लावून ऑफिसात जात होतात. आई म्हणाली, "आता त्या डबड्याला नमस्कार करा आन् गप बसा." मी आले, भांडी घासली, आणि रोजच्यासारखं खरकटं पाणी मोरीच्या मागं टाकायला गेले. तिथं तुमच्या अर्थिंगचा खड्डा होता. जमीन भेगाळलेली, वरचं मीठ-कोळसा पार कोरडाठाक. मी उभीच राहिले. रोज दोन वेळचं पाणी मी तिथंच टाकत होते, वर्षभर, कुणी सांगितलेलं नसताना. महिनाभर मी नव्हते. आई पाणी अंगणातल्या पेरूला टाकत होती.

मी चार बादल्या ओतल्या. मुठीनं मीठ टाकलं. संध्याकाळी तुम्ही सेट लावलात आणि तुमचा आवाज लख्ख गेला. मी खिडकीतून सांगितलं, "अण्णा, खड्डा वाळला होता. अर्थ लागत नव्हता." तुम्ही माझ्याकडं बघितलं, मग माइककडं बघितलं, आणि जालन्याच्या तुमच्या मित्राला म्हणालात, "बिघाड सापडला. अर्थिंगचा होता. महिनाभर अभ्यास करून काढला." मी भाजीला फोडणी दिली. त्या फोडणीत मोहरी जळाली, ते आईनं ओळखलं, तुम्ही ओळखलं नाही.

मग मिस्तरीचाचा यायला लागले. क्रांती चौकाजवळ त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, तुमचा ट्रान्सफॉर्मर त्यांनीच गुंडाळून दिला, आणि देता देता त्यांनाही या हौसेनं धरलं. दुकान वाढवून ते सायकलनं संध्याकाळी यायचे. तुमची दोघांची उर्दूत बोलणी चालायची. तुम्ही चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला, एका सुट्टीत शाळा मराठी झाली आणि तुम्हाला परत मुळाक्षरांपासून बसवलं, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलंय. मॅट्रिकला म्हणूनच दोनदा बसावं लागलं आणि म्हणूनच मॅट्रिक म्हणजे तुम्हाला सोन्याचं कडं. चाचांना परवान्याच्या परीक्षेसाठी टिकटिक, म्हणजे मोर्सची भाषा, शिकायची होती. तुम्ही सरावाची किल्ली दाबायचात, डब्यातून डा-डि-डा-डि आवाज यायचा, चाचा कागदावर एकेक अक्षर लिहायचे, चुकायचे, कपाळाला हात लावायचे. आणि भिंतीच्या इकडं मी भाकरी थापता थापता तेच अक्षर तोंडातल्या तोंडात म्हणायचे. इंग्रजी अक्षरं पाचवीपासून येत होती मला. पंधरा दिवसांत मी चाचांच्या पुढं गेले. चाचांना ते कळलं, कारण एकदा ते अडले आणि खिडकीतून मी चहाबरोबर अक्षरही दिलं. ते मोठ्यानं हसले, "साब, तुम्हारी बेटी रोटी बी टिकटिक में थापरी!" तुम्ही हसला नाहीत.

चाचा पास झाले, पेढे घेऊन आले. त्या दिवशी हिंमत करून मी विचारलं, "अण्णा, मी पण बसू का परीक्षेला?" तुम्ही पेढा अर्धा तोंडात ठेवून म्हणालात, "मॅट्रिक लागतं." दोन शब्द. सातवीची पोरगी मी. मॅट्रिक लागतं म्हणजे लागतं. मी पेढ्याचा पुडा झाकून ठेवला.

तुमचं स्वतःचं लायसन खालच्या दर्जाचं होतं. वरच्यासाठी वेगात येणारी टिकटिक उतरवून घ्यावी लागायची आणि त्यात तुम्ही दोनदा नापास झाला होतात. तिसऱ्यांदा बसायचं म्हणून रोज संध्याकाळी स्पीकर मोठा करून तुम्ही लांबलांबच्या लोकांची टिकटिक उतरवून घ्यायचात. दादाला शेजारी बसवायचात, त्यानंही शिकावं म्हणून. एक दिवस कुणीतरी फार वेगात पाठवत होता. तुम्ही लिहिलेलं दादानं वाचून दाखवलं, आणि मला राहवलं नाही. इकडून म्हणाले, "मधला आकडा सात आहे, नऊ नाही. आन् गावाचं नाव अर्धंच लिहिलं तुम्ही." नाव सांगितलं सगळं. समोरच्यानं तेवढ्यात तेच परत पाठवलं आणि माझं बरोबर निघालं. दादा टाळी वाजवून म्हणाला, "अण्णा, हिलाच बसवा की परीक्षेला! तुमच्या जागी!"

आता पण दिसताय तुम्ही मला. पेन्सिल हळूच खाली ठेवता. खुर्ची सरकवता. खिडकीशी येता आणि म्हणता, "भाकरी करपतीय तुझी." भाकरी करपत नव्हती, अण्णा. टम्म फुगली होती तव्यावर. तुम्हालाही दिसत होती.

पुढच्या आठवड्यात तुम्ही हेडफोन आणलेत. जुने, काळे, कानाला मोठ्या वाट्या असलेले. स्पीकरची वायर काढून टाकलीत. आईला म्हणालात, घरात आवाजाचा त्रास नको. आईनं कधी त्रास आहे म्हटलं होतं? त्यानंतर ती खोली मुकी झाली. मी चहा द्यायची तेव्हा तुमचं डोकं हलताना दिसायचं, पेन्सिल चालताना दिसायची, आणि ऐकू काही यायचं नाही. दोन वर्षांनी माझं लग्न लावलंत. तुम्ही तिसऱ्यांदाही नापास झालात, दादाच्या पत्रात कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

तेव्हासुद्धा मी म्हणायची, मोठ्या माणसाचा पोरीपुढं अपमान झाला, सोडून दे. आणि परीक्षेचं तर काय, कायदाच तसा. कायद्यापुढं बाप काय करणार? असं म्हणत लग्न निभावलं, नवरा गेला, दादा पुण्याला गेला, मी तुमच्या घरात परत येऊन कॉलेजच्या मुलांचे डबे करायला लागले. चाळीस डबे रोज. तुमची खोली परत धान्याची झाली. तुमचा सेट दादानं तुम्ही गेल्यावर कुणाला तरी देऊन टाकला. मी विचारलं नाही कुणाला.

मागच्या महिन्यात चाचा दारात उभे. ओळखलेच नाहीत. दाढी पांढरी झालेली. म्हणाले, "बेटी, सेट मेरा बीमार है. बात करूं तो सामनेवाला बोलता, आवाज कट-कट के आरी. साब तो गए, अब तूच देख." मी म्हटलं, चाचा, मी तीस-चाळीस वर्षांत हात लावलेला नाही, आणि मला दुपारचे डबे आहेत. म्हणाले, "डब्बे के बाद आ." रिक्षा घेऊनच आले होते.

त्यांचा सेट आता लहान, चपटा, जपानी. मला आतलं काही कळणार नव्हतं आणि आतलं बघायची गरज पण नव्हती. मी विचारलं, "कधी तुटतो आवाज? रोज?" म्हणाले, "नै, हवा चली की." मी म्हटलं, "मग सेटला कशाला नावं ठेवता? वाऱ्यानं सेट हलत नाही, वरती जे हलतं ते बघा." त्यांना जिना चढवत नाही. मी गेले गच्चीवर. खाली ते सुई बघत बसले आणि मी वर वायर हलवत गेले, खालून वरपर्यंत, वीतभर वीतभर. जिथं जाड वायर तारेला मिळते त्या जोडाला हात लावला आणि खालून ओरडले, "उछली! उछली!" टेप सोडवला. उन्हानं त्याचा पापड झालेला. आत पाणी जाऊन तांब्याची पार हिरवी भुकटी. वीतभर वायर मागं कापली, आतलं तांबं चकचकीत लागेपर्यंत सोलली, नवा जोड दिला, वरच सोल्डरिंग करून घेतलं आणि त्यावर दोन पदरी टेप. हात विसरले नव्हते. चार डबे भरायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

खाली आले तर चाचा कुणाशी तरी बोलत होते आणि तो म्हणत होता, आवाज एकदम साफ. चाचा त्याला म्हणाले, "मैं नै ढूंढा, साब की बेटी ढूंढी." माइकवर म्हणाले, अण्णा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

मग म्हणाले, "तू परीक्षा कायकू नै देती?" मी चिडले. म्हटलं, "चाचा, थट्टा करू नका. माझं मॅट्रिक कुठं झालंय?" ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "मॅट्रिक कायकू लगता? मैं चौथी फेल हूं बेटी. वो बी उर्दू की. फारम पे उमर पूछते, पुलिस का दाखला मंगते. पढाई की शर्त न तब थी, न अब है."

मी विचारलं, तुमचा फॉर्म कुणी भरला होता? म्हणाले, "और कौन? साब ने."

कपाटातून त्यांनी एक वही काढली. त्यांच्यासाठी तुम्ही लिहिलेली. सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं, उर्दूत. वाल्व्हची चित्रं, अर्थिंगच्या खड्ड्याचं चित्र, त्यात मीठ आणि कोळशाचे थर, बाणानं दाखवलेले. दोनशे पानं असतील. आकडे आणि चित्रं सोडून मला एक अक्षर वाचता येईना, पण हात तुमचा होता. मी पानं उलटत राहिले. चौथी नापास माणसासाठी तुम्ही दोनशे पानं लिहिलीत, आणि माझ्यासाठी दोन शब्द. चाचांचा यात दोष नाही. चांगला माणूस आहे, त्यांना दिलंत ते बरंच केलंत. ते म्हणाले, "मैं उस टाइम बोला था, साब, बच्ची को बी बिठाओ, मेरे से तेज है." मी म्हटलं, मग काय म्हणाले अण्णा? त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाले, "बोले, चाय ठंडी होरी, पी लो."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पेढा तोंडात धरून मला मॅट्रिक सांगितलंत तेव्हा त्या फॉर्मची शाई वाळून किती महिने झाले असतील? कायदा नव्हताच. तुम्हीच होतात. मी कारणं शोधून बघितली तुमच्या बाजूनं, भाकरी थापताना दुसरं काय करायचं असतं. परक्या पुरुषांशी पोरगी बोलणार, स्थळं येणार नाहीत, असं वाटलं असेल? मग तसं सांगायचं होतं. त्या काळात मी ते ऐकूनही घेतलं असतं. आईकडं कोण बघणार, असं वाटलं असेल? परीक्षा एका दिवसाची असते, अण्णा. मी पास होईन आणि तुम्ही होणार नाही, याची भीती वाटली, असंच मला दिसतंय. दुसरं असेल तर तुम्ही सांगायला इथं नाही. एवढा वेगाचा माणूस घरात होता तुमच्या. मला समोर बसवून रोज अर्धा तास घेतला असता तर तिसऱ्यांदा तुम्ही पास झाला असतात. मी करून घेतलं असतं तुमच्याकडून. दोघंही राहिलो, आणि ते तुम्ही केलंत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मला कळतं. वहीतच राहील, धान्याच्या डब्याखाली.

एक सांगायचं राहिलं, ते लिहिते आणि उठते, डाळ भिजवायचीय. चाचांनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवला. आता टिकटिकीचीही सक्ती नाही म्हणतात, प्रश्नांवर खुणा करायच्या. नाव लिहिलं, वय लिहिलं, फोटो काढून चिकटवला. सहीची जागा मोकळी आहे. तीन आठवडे झाले. चाचा फोन करतात तर सांगते, डब्यांतून सवड नाही. सवड आहे, अण्णा. दुपारी दोन ते चार मी नुसती बसलेली असते. नापास झाले तर तुम्ही खरे ठराल, म्हणून सही होत नाही माझ्याच्यानं.